सरांबरोबर मास्टरमोशायच्या अंगणात

२९ नोव्हेंबर, भुसावळ

गीतांजली एक्सप्रेसला अजून अर्धा तास होता. तेवढ्यात सरांनी फलाटावरचा चहावाला, दोन हमाल आणि पार्सलच्या पोत्यांवर झोपलेलं एक कुत्रं कागदावर उतरवलं. कुत्र्याला सगळ्यात जास्त वेळ दिला. मी म्हटलं, "सर, कुत्रा बरा आलाय." ते म्हणाले, "तो हलत नव्हता ना. तुम्ही पोरं हलायचात."

सर म्हणजे आमचे ड्रॉइंगचे सर. वय ७६, गुडघे दोन्ही दुखरे, खांद्याला शबनम. मी त्यांचा नालायक विद्यार्थी. एलिमेंटरीला सी ग्रेड, इंटरमिजिएटला बसलोच नाही, पुढे बँकेत चिकटलो. पण निवृत्त झाल्यावर सरांच्या घरी जाणं वाढलं आणि दिवाळीत त्यांनी अचानक विचारलं, "शांतिनिकेतनला येतोस का? एक आणि दोन डिसेंबरला नंदन मेळा असतो."

नंदन मेळा म्हणजे नंदलाल बोस यांच्या वाढदिवसाचा मेळा. जन्म ३ डिसेंबर १८८२, बिहारमधल्या मुंगेर जिल्ह्यातल्या खरगपूरचा. चित्रकार म्हणून मोठे होतेच, पण १९२० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९५१ पर्यंत कलाभवन, म्हणजे शांतिनिकेतनचं कलाविद्यालय, त्यांनी चालवलं. तिथं त्यांना कोणी नंदलालबाबू म्हणत नाही, 'मास्टरमोशाय' म्हणतात. आपल्याकडे 'गुरुजी' म्हणतात तसं. १९७३ पासून कलाभवनातली मुलं आणि शिक्षक मिळून हा मेळा भरवतात. स्वतः केलेल्या वस्तू विकायच्या आणि आलेला पैसा विद्यार्थ्यांच्या मदतनिधीला द्यायचा.

सरांना तिथं जायचं होतं ते मात्र खानदेशी हिशेबाने. गाडी मलकापूरच्या पुढे गेल्यावर त्यांनी तो मांडला. "हा माणूस आपल्याकडे दोनदा येऊन गेलाय. एकदा १९०९-१० च्या सुमारास, अजिंठ्याला. लेडी हेरिंगहॅम बाईंनी लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला पथक आणलं होतं, त्यात हे होते. तेव्हा विशीतले. आणि दुसऱ्यांदा फैजपूरला."

फैजपूरची गोष्ट मी सरांकडून वर्गातही ऐकली होती, पण तेव्हा लक्ष खिडकीबाहेर. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. 'टिळकनगर' नावाचं अख्खं गाव शेतात उभं केलं होतं आणि त्याच्या सजावटीसाठी गांधीजींनी शांतिनिकेतनहून नंदलालांना बोलावलं होतं. अट एकच: जे इथं मिळतं त्यातच करायचं. बांबू, चटया, टोपल्या, गवत. सरांचे वडील त्या वेळी दहा वर्षांचे. आजोबांच्या खांद्यावर बसून त्यांनी अधिवेशन पाहिलं. भाषण एकही आठवत नव्हतं, बांबूचं फाटक मात्र मरेपर्यंत सांगायचे. "ते कोणी केलं हे त्यांना माहीत नव्हतं. मला ए.टी.डी., म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, करताना कळलं. सांगायला गेलो तर म्हणाले, असेल कोणी सुतार."

रात्री जेवण झाल्यावर सरांची जुनी खपली निघाली. ती दरवेळी निघते. "एकतीस वर्षं नोकरी केली. माझं खरं पद काय होतं सांग? फलक लिहिणारा. तपासणी आली की भिंतीवर नकाशे रंगव. गॅदरिंग आलं की पडदा रंगव. सुविचार लिही. एकदा तर मुख्याध्यापकांच्या मुलीच्या लग्नातलं रुखवत मांडलंय मी. आणि ड्रॉइंगचा तास म्हणजे गणिताच्या मास्तरांनी उसना घ्यायचा तास. परत कधी केला नाही. माझं स्वतःचं चित्र राहिलं ते राहिलंच."

मी काही बोललो नाही. गणिताच्या मास्तरांनी उसने घेतलेले ते तास मीही भोगले आहेत.

३० नोव्हेंबर, हावडा ते बोलपूर

सगळा दिवस गाडीत. दुपारी हावडा, तिथून संध्याकाळची गाडी. बोलपूर तिथून दीडशे किलोमीटरच्या आसपास. वर्धमानच्या पुढे डब्यात एक बाऊल, म्हणजे बंगालचा फिरता लोकगायक, चढला, एकतारा घेऊन. शब्द कळेनात, पण डब्यातल्या चार बायका ओठांनी त्याच्याबरोबर म्हणत होत्या. सरांनी त्याला काढायला घेतलं आणि तो पुढच्या डब्यात निघून गेला. कागदावर फक्त पाय आणि एकताऱ्याचा भोपळा राहिला. "असू दे," सर म्हणाले, "एवढंही पुरे."

बोलपूर स्टेशनवरून टोटो करून मुक्कामी. टोटो म्हणजे आपली बॅटरीवाली रिक्षा. थंडी आपल्या भुसावळच्या मानाने चांगलीच होती.

१ डिसेंबर, कलाभवन

सकाळी लवकर निघालो. मेळा रंगतो संध्याकाळी, पण सरांना तयारी बघायची होती. "गॅदरिंगपेक्षा गॅदरिंगची आदली सकाळ बघावी," हे त्यांचं मत. मला ते पटत आलंय.

कलाभवनाच्या आवारात शिरलं की आधी 'कालो बारी' दिसते. काळं घर. विद्यार्थ्यांचं हे वसतिगृह १९३० च्या दशकात मातीत बांधलं आणि भिंतींवर मातीचीच उठावशिल्पं केली: मोहेंजोदडोच्या मुद्रेवरचा बैल, भारहूतच्या वेदिकेतल्या आकृती, इजिप्त, असीरिया. काही नंदलालांनी, काही त्यांचे शिष्य, शिल्पकार रामकिंकर बैज यांनी, बाकी विद्यार्थ्यांनी. मग पावसापासून वाचवायला वरून डांबर. सकाळचं ऊन तिरकं पडलं होतं, त्यात काळ्यावर काळी अशी ती चित्रं एकेक करून वर यायला लागली. सर नाक भिंतीजवळ नेऊन वास घेत होते. मला वाटलं चष्मा विसरले. "डांबर आहे रे. आपण पत्र्याला मारतो तेच." जगाचा कलेतिहास शिकवायचा, तर पोरांनी तो स्वतःच्या खोलीच्या भिंतीवर स्वतःच्या हाताने थापायचा. आमच्या वेळी असं काही असतं तर मी इंटरमिजिएटला बसलो असतो, अशी एक पळवाट माझ्या मनात येऊन गेली.

जवळच रामकिंकरांची 'संथाळ कुटुंब' ही शिल्पकृती, १९३८ ची. पुरुषाच्या खांद्यावर कावड, एका टोपलीत मूल, शेजारी बाई, पायाशी कुत्रं. सगळी सिमेंट आणि लाल मुरमाच्या खड्यांतली. फोटोत ती गुळगुळीत वाटते. जवळून पाहिली तर प्रत्येक खडा वेगळा दिसतो, चिक्कीतल्या दाण्यासारखा. हा मुरूम इथल्याच जमिनीचा. पैसे नव्हते, ब्राँझ परवडणारं नव्हतं, म्हणून हाताशी होतं ते घेतलं. सरांनी पुन्हा फैजपूर काढलं. "बघ, अट तीच. जे इथं मिळतं त्यातच."

पण सगळ्यात जास्त वेळ गेला तो जमिनीकडे बघण्यात. मंडपासमोर पाच-सहा मुली आणि दोन मुलगे अल्पना काढत होते. अल्पना म्हणजे आपल्या रांगोळीची बंगाली बहीण, पण ओली. घरोघरी ती तांदळाच्या पिठाच्या पाण्यानं काढतात, इथं वाडग्यात खडूमातीचं दाट पाणी होतं. मी रांगोळीवरून अंदाज बांधला होता आणि तो चुकला. चिमूट नाही, धार आहे. कापडाचा छोटा बोळा त्या पाण्यात भिजवून तळहातात धरायचा, हलकेच दाबायचा, आणि पाणी अनामिकेवरून उतरून बोटाच्या टोकातून जमिनीवर. बोट म्हणजेच ब्रश. एक मुलगी पानाची वेल काढत होती. तिचा हात थांबत नव्हता. बोळा आटत आला की रेघ आपोआप बारीक व्हायची, आणि नेमकी तिथंच पानाचं टोक यायचं. म्हणजे कुठं आटणार हे तिला आधीच माहीत होतं.

इथल्या अल्पनेलाही गुरू-शिष्य परंपरा आहे. सुकुमारी देवी नावाच्या बाई इथं अल्पना शिकवत. व्रतवैकल्यांसाठी घरात काढायची ती कला त्यांनी आश्रमात आणली, नंदलालांनी ती अभ्यासात घेतली, आणि त्यांच्या मुलीनं, गौरी भंज यांनी, ती पुढं नेली. बायका अंगणात काढतात आणि दुसऱ्या दिवशी पुसली जाते, अशी गोष्ट कलाशाळेत शिकवायची हे त्या काळात किती जणांना रुचलं असेल कोण जाणे. मुंबईच्या जे.जे.मध्ये तेव्हा प्लास्टरच्या ग्रीक पुतळ्यांवरून रेखाटन चालायचं.

चाळीस मिनिटं सर काठीवर हनुवटी टेकून उभे. मग त्या मुलीनंच विचारलं, हिंदीत, "दादू, करेंगे?" मी म्हणणार होतो की त्यांचे गुडघे… तोवर सर खाली बसलेही होते. गेली दोन वर्षं ते खाली बसलेले मी पाहिले नव्हते. त्यांनी बोळा घेतला आणि सवयीनं चिमूट केली. पाणी थेट कोपरापर्यंत. मुलं हसली, सरही. मुलीनं त्यांची अनामिका धरून सरळ केली, बाकीची बोटं मागे. ज्या माणसानं आमची शेकडो बोटं पेन्सिलीवर नीट बसवली, त्याचं बोट कोणी बसवताना पाहणं मला जरा चमत्कारिक वाटलं. तिसऱ्या प्रयत्नाला रेघ आली. सरांनी काढली ती केळीची पानं. वेलीत कुठंच न बसणारी, रुंद, मधे फाटलेली. ती मुलगी काही क्षण बघत राहिली आणि मग तिनं आपली वेल वळवून त्या पानांना घेतली.

उठवायला आम्ही दोघे लागलो.

संध्याकाळी मेळा. गर्दी एवढी की मी सरांची शबनम धरून चालत होतो. विभागाविभागाचे स्टॉल: ग्राफिक्सवाल्यांचे छापे, सिरॅमिकचे कप, बाटिक, टेराकोटाचे दागिने, नव्या वर्षाच्या दिनदर्शिका. खाण्याचे स्टॉलही मुलांचेच, म्हणजे चव बेताची आणि उत्साह दांडगा. एका कोपऱ्यात बसल्या जागी व्यक्तिचित्र काढून देणारे. सरांनी पैसे देऊन स्वतःचं काढून घेतलं. दहा मिनिटांत मुलीनं कोळशानं चेहरा उभा केला, नाक जरा मोठं. सरांनी कागद हातभर लांब धरून पाहिला, खिशातलं पेन काढलं आणि उजव्या कोपऱ्यात लिहिलं: 'पाहिले', खाली सही, खाली तारीख. मग त्यांना कळलं आपण काय केलं ते. मुलगी विचारतेय याचा अर्थ काय. मी सांगितलं, "देखा." ती म्हणाली, "बस? ग्रेड नहीं?" सर म्हणाले, "ग्रेड देणं मी २००७ साली सोडलं."

२ डिसेंबर, उत्तरायण आणि हिंदी भवन

सकाळी उत्तरायण. रवींद्रनाथांची घरं एका आवारात आहेत. मला सगळ्यात आवडलं ते 'श्यामली', छपरासकट मातीचं घर, १९३५ चं. बाहेरच्या भिंतींवर नंदलाल, रामकिंकर आणि कलाभवनाच्या मुलांची उठावशिल्पं. १९४० साली गांधीजी आणि कस्तुरबा इथं राहिले होते. पाहणारे बहुतेक जण दारासमोर फोटो काढून पुढं सरकत होते. भिंतीकडे बघणारे आम्ही दोघंच, आणि त्यातला मी सरांकडे बघत होतो.

नंतर परत कलाभवनाकडे. मास्टरमोशायच्या स्टुडिओच्या इमारतीला बाहेरून सगळीकडून काळ्या-पांढऱ्या चित्रांनी वेढलंय. माणसं, प्राणी, देव, पानं, एकमेकांत गुंतलेली. हे के. जी. सुब्रमण्यन यांचं काम. ते १९४० च्या दशकात इथं नंदलाल, चित्रकार विनोदबिहारी मुखर्जी आणि रामकिंकर यांच्याकडे शिकले, पुढे बडोद्याला शिकवायला गेले आणि परत इथं आले. चित्र १९९० मधलं. रंग उडाले तेव्हा, २००९ मध्ये, त्यांनी पंच्याऐंशीच्या घरात असताना ते नव्यानं रंगवलं, आणि जुन्याची नक्कल न करता वेगळंच काढलं. सर म्हणाले, "माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा असताना." मग गुडघा चोळला.

गुरूची आठवण म्हणून पुतळा बसवायचा, की गुरूच्या घराची भिंत रंगवायची? मला दुसरं जास्त आवडलं. पुतळ्यावर कबुतरं बसतात.

हिंदी भवनासाठी महिनाभर आधी पत्र लिहून परवानगी मागितली होती. इथं विनोदबिहारी मुखर्जींचं मध्ययुगीन संतांचं भित्तिचित्र आहे, १९४६-४७ चं. खोलीच्या तीन भिंतींवर, वरच्या अर्ध्या भागात, सलग. आत गेलो आणि मान वर केली ती तशीच राहिली. कबीर मागावर बसलेले. सूरदास, तुलसीदास. मधून गल्ल्या, घाट, गर्दी, घोडे. संत गर्दीतून वेगळे काढलेले नाहीत. गर्दीतच आहेत, फक्त जरा उंच. नदी वाहत जावी तशी सगळी माणसं एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर जातात. मधला कोपरा आड येत नाही. मला दिंडी आठवली. लांबून एक सलग रेघ, जवळून प्रत्येकाचा चेहरा वेगळा.

सरांनी हळू आवाजात तास घेतला, श्रोता मी एकटा. "हा खरा फ्रेस्को. ओल्या गिलाव्यावर रंग. गिलावा वाळायच्या आत जेवढं होईल तेवढंच लिंपायचं, तेवढंच रंगवायचं, दुसऱ्या दिवशी पुढचं. चुकलं तर खरवडून पुन्हा गिलावा. खोडरबर नाही. आणि यांनी मोठा आराखडा भिंतीवर छापून घेतलेला नाही, थेट काढलंय." मग थोडं थांबून, "आणि एका डोळ्यानं. दुसऱ्याला जन्मापासून दिसत नव्हतं. ज्याला दिसत होतं तोही अधू."

त्यानंतर दहा वर्षांनी शस्त्रक्रियेनंतर त्यांची उरलेली दृष्टीही गेली. तरी काम थांबलं नाही. कागद कापून चित्रं केली, चिनीमातीच्या तुकड्यांचं एक भित्तिचित्र १९७२ मध्ये कलाभवनाच्या भिंतीवर केलं, आणि शिकवत राहिले. सत्यजित राय त्यांचे विद्यार्थी. त्याच वर्षी त्यांनी आपल्या या गुरूवर माहितीपट काढला. बाहेर येताना सरांनी दाराच्या चौकटीला हात लावून नमस्कार केला. ते देवळातही एवढं करत नाहीत.

जेवताना बोलण्यात एक आपला माणूसही निघाला. विनायक मासोजी, कोल्हापूरचे. इथं नंदलालांकडे शिकायला आले आणि इथंच शिक्षक झाले. कोल्हापूरच्या माणसानं इथल्या भातावर आणि माशावर कसे दिवस काढले असतील, यावर आमची बरीच चर्चा झाली, जी इथं देण्यासारखी नाही.

संध्याकाळी पुन्हा मेळा. पायांखाली अल्पना पुसट झाली होती, केळीची पानं अर्धी गेली होती. सरांनी ती शोधून काढली, बघितली आणि म्हणाले, "चांगली तुडवलीय." आवाजात तक्रार नव्हती. गॅदरिंगचा पडदा उतरवताना ते असे नसायचे. मला आठवतं, आम्ही पोरं पडदा ओढायचो आणि रंगाचे पोपडे पडायचे तेव्हा ते खोलीतून निघून जायचे.

रात्री मुक्कामी मी त्यांच्याकडून हरिपुऱ्याची माहिती काढून घेतली. फैजपूरनंतर १९३८ साली गुजरातेत हरिपुऱ्याला अधिवेशन झालं. त्यासाठी नंदलालांनी खेड्यातली माणसं काढली: सुतार, ढोल वाजवणारा, शिंपी, कुस्तीगीर, स्वयंपाक करणारी बाई. ऐंशीच्या वर मूळ चित्रं, आणि त्यांवरून सहकाऱ्यांनी केलेल्या प्रती धरून जवळपास चारशे. स्वस्त कागद, मातीचे रंग, भराभर ओढलेली रेघ. आज ती दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात जपून ठेवलीत. पण काढली होती ती मंडपाला आणि फाटकांना टांगायला, रस्त्यानं जाणाऱ्या शेतकऱ्याला दिसावीत म्हणून. "म्हणजे बॅनरच की, सर," मी म्हटलं. सर बराच वेळ गप्प होते. मला वाटलं झोपले. मग अंधारातून आवाज आला, "रुखवतसुद्धा त्यांनी मांडलं असतं."

३ डिसेंबर, बुधवार

इथं माझी चूक झाली आणि ती मी कबूल करतो. संग्रहालय निवांत बघायला मी हा दिवस राखून ठेवला होता, खुद्द जन्मदिवस म्हणून. विश्वभारतीची, म्हणजे इथल्या विद्यापीठाची, साप्ताहिक सुट्टी बुधवारी असते हे पाहायचं राहिलं. रविवारी सुट्टी हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं असतं. सगळी दारं बंद. सर रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "बँकेतल्या माणसाला सुट्ट्या कळायला हव्यात."

पण बुधवारी सकाळी उपासना मंदिरात प्रार्थना असते. रंगीत काचांचं मंदिर, १८९१ चं. मूर्ती नाही. लोक पांढऱ्या कपड्यांत येतात. सरांकडे पांढरा सदरा होता, माझ्याकडे पिवळट. बाहेरच्या बाजूला उभे राहून ऐकलं. गाण्यातला एकही शब्द नीट कळला नाही आणि तासभर गेला.

नंतर खोआईकडे गेलो. पावसानं खोदलेल्या लाल मातीच्या घळी. सोनाझुरीचा बाजार गाजलेला आहे, पण आम्हाला तिथं दहा मिनिटांच्या वर बसवलं नाही. मोबाइलवर गाणी, भाड्याचा बाऊल. घळी मात्र बघाव्यात. रामकिंकरांच्या सिमेंटमधले खडे इथं पायांखाली येतात. सरांनी दोन उचलून शबनममध्ये टाकले.

परतताना सर म्हणाले, "पोस्ट ऑफिस बघ." नंदलाल खिशात पोस्टकार्डाच्या आकाराचे कागद ठेवत. फिरायला निघाले, गाडीची वाट बघत बसले, कुठंही असले तरी काढत. बैल, बोरीचं झाड, झोपलेली म्हैस. असली शेकडो कार्डं त्यांनी शिष्यांना आणि मित्रांना पत्र म्हणून पाठवली. पत्र लिहायचं तर चित्रात लिहायचं, आणि पत्रातच पुढचा धडा. हे वर्गात सांगताना सर दरवर्षी आम्हाला एकेक पोस्टकार्ड द्यायचे. आम्ही बहुतेकांनी त्यावर विमान काढलं होतं.

वीस पोस्टकार्डं घेतली, दहा रुपये. आजच्या दिवसात दहा रुपयांत वीस काही मिळतं ही गोष्टच मला पटेना. पोस्टाच्या बाहेर कट्ट्यावर बसून सरांनी ती एकेक करून संपवायला घेतली. काळं घर. कावडवाला. अल्पना काढणारी मुलगी, फक्त हात. बाऊलाचे पाय, जे गाडीतच राहिले होते, ते आता वरच्या अंगासकट. मी पत्ते लिहीत होतो, कारण सरांना पत्ते लिहायचा कंटाळा. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांचे, माझ्याकडे मोबाइलमध्ये होते तेवढे. बायकोला एक. माझ्या नातवाला एक, त्यावर सरांनी भुसावळच्या फलाटावरचं कुत्रं काढलं.

शेवटच्या कार्डावर त्यांनी बांबूचं फाटक काढलं. वडिलांनी सांगितलेलं. दोन खांब, वर टोपल्या ओवलेल्या, खालून लहान-लहान माणसं आत जाताहेत आणि त्यांत एकाच्या खांद्यावर एक पोर. पाच मिनिटंही लागली नाहीत. कोपऱ्यात सही केली नाही.

"याला पत्ता?"

त्यांनी आमच्या शाळेचा पत्ता सांगितला. गाव, तालुका, जिल्हा, पिनकोड. मी लिहिलं. वर नाव कोणाचं घालू विचारलं.

"चित्रकला शिक्षक."

"सर, ते पद तुमच्यानंतर भरलंच नाही ना? कोणाला देईल पोस्टमन?"

"तू लिही."

मी लिहिलं. अक्षर चांगलं यावं म्हणून जरा सावकाश लिहिलं. सरांनी कार्ड हातभर लांब धरून पाहिलं, आणि स्वतः उठून लाल पेटीत टाकून आले.